जनुकातला पाहुणा: बुरशीचे स्वयंछेदी इंट्रॉन

गोडा मसाल्यातले दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार. लायकेनमधल्या बुरशींच्या रायबोसोमल आरएनएच्या जनुकात गट १ चे इंट्रॉन, म्हणजे आरएनए नकलेतून स्वतःच कापून सुटणारे तुकडे, विपुल सापडतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत लायकेनचा जुना संग्रह आणि राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे.  अशा संग्रहातल्या बुरशीची जात ओळखायला आता रायबोसोमल आरएनएच्या जनुकांचा हाच पट्टा वाचतात. अपेक्षेपेक्षा लांब तुकडा हाती आला, तर आधी इंट्रॉनचा संशय घ्यावा.

जनुकाची आरएनए नक्कल तयार झाली की इंट्रॉन विशिष्ट घडी घालतो. पेशीतला एक सुटा ग्वानोसीन त्या घडीच्या खोबणीत बसतो, अलीकडचा जोड तोडतो आणि इंट्रॉनच्या टोकाला चिकटतो. मोकळे झालेले जनुकाचे टोक पलीकडचा जोड फोडून पुढच्या भागाला सांधले जाते आणि इंट्रॉन गळून पडतो. जितके बंध तुटतात तितकेच जुळतात, म्हणून वेगळी ऊर्जा लागत नाही. प्रथिनाशिवाय आरएनए हे करू शकतो, हे थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये दाखवले. त्यांनी अभ्यासलेला जीव मात्र बुरशी नव्हे, टेट्राहायमेना हा एकपेशीय जीव होता. १९८९ च्या नोबेलमध्ये सिडनी ऑल्टमन त्यांचे सहमानकरी होते.

‘स्वयं’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नये. न्यूरोस्पोरा या बुरशीच्या तंतुकणिकेतले काही इंट्रॉन टायरोसीनला टीआरएनएशी जोडणाऱ्या विकराच्या आधाराशिवाय नीट घडीच घालत नाहीत. गट २ च्या इंट्रॉनची रीत निराळी: त्यांच्यातलाच एक अ‍ॅडेनोसीन पहिला घाव घालतो आणि इंट्रॉन फासाच्या आकारात सुटतो. आपल्या पेशींतली इंट्रॉन कापणारी स्प्लायसोसोम यंत्रणा याच घराण्यातून आली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इंट्रॉन पसरतो तो चलाखीने. यीस्टच्या तंतुकणिकेतला ओमेगा इंट्रॉन आय-एससीई-१ हे विकर बनवतो. ते १८ अक्षरांची खूण ओळखून इंट्रॉन नसलेला डीएनए तोडते. पेशी तो दुरुस्त करताना इंट्रॉनवाल्या प्रतीचा नमुना घेते आणि रिकामी जागा भरते. जातीतली प्रत्येक जागा भरली की विकराला काम उरत नाही. मग त्याचे जनुक झिजते, कालांतराने इंट्रॉनही जातो आणि जागा दुसऱ्या जातीकडून येणाऱ्या नव्या इंट्रॉनसाठी मोकळी होते. हे चक्र गोडार्ड आणि बर्ट यांनी १९९९ मध्ये यीस्टमध्ये मांडले.

या फुकट्या पाहुण्याचा शेतकऱ्याला मात्र लाभ होतो. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनसारखी बुरशीनाशके सायटोक्रोम बी या प्रथिनावर काम करतात. तिथले १४३ वे अमिनो आम्ल बदलले की औषध निकामी होते. सांगली-कोल्हापूरच्या सोयाबीनवर येणाऱ्या तांबेऱ्याच्या बुरशीत या जागेला लागूनच इंट्रॉन असतो. तिथे अक्षर बदलले तर इंट्रॉन नीट कापला जात नाही, प्रथिन बनत नाही आणि बुरशी मरते. द्राक्षावरच्या भुरीला असा अडसर नाही. तिच्यात हाच बदल होऊन औषधाला दाद न देणारे वाण तयार झाले आहेत.