पत्रांची चाळणी सर्व्हरवरच हवी

आज आपल्या बेटावर घरोघरी पत्रपेटी मोबाइलमध्ये आली आहे. फ्रान्स-इंग्लंडला गेलेल्या मुलांची खुशाली, मंडळाची निमंत्रणे, बँकेचे हिशेब सारे ई-मेलने येते. आणि त्यांच्या जोडीला जाहिराती व फसवणुकीची पत्रेही येतात. हा उपद्रव जुना आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. ती पहिली ‘स्पॅम’ मानली जाते.

पत्रांची निवड घरच्या संगणकावर ठेवली, तर तो चालू असेल तेव्हाच ती होते. सर्व्हरवर ठेवली, तर पत्रे आधीच निवडलेली मिळतात, मग ती कोठूनही उघडा.

यासाठी ‘सीव्ह’, म्हणजे चाळणी, नावाची छोटी नियमभाषा आहे. तिचे प्रमाण जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाले व २००८ मध्ये सुधारले गेले. मंडळाच्या पत्त्यावरून आलेले पत्र ‘मंडळ’ कप्प्यात ठेव, असे नियम तिच्यात लिहितात. ते वरून खाली वाचले जातात. कोणताच नियम लागू न पडल्यास पत्र मुख्य पेटीत राहते, हरवत नाही.

स्पॅम ओळखण्याचे काम ‘स्पॅमअसॅसिन’सारखा कार्यक्रम करतो. संशयास्पद खुणांना तो गुण देतो. मूळ मांडणीत ५ गुण झाले की पत्रावर शिक्का बसतो, आणि सीव्ह तो शिक्का पाहून पत्र स्पॅमच्या कप्प्यात टाकते. हा कार्यक्रम शब्दांवरूनही शिकतो. त्यासाठी २०० चांगली व २०० वाईट पत्रे त्याला दाखवावी लागतात. चांगल्या पत्रांत इंग्रजी-फ्रेंचबरोबर आपली मराठी पत्रेही असावीत, म्हणजे त्याला आपली भाषा ओळखीची होईल.

एक मोह मात्र टाळावा. ‘डिस्कार्ड’ हा हुकूम पत्र मुकाट्याने नष्ट करतो. पाठविणाऱ्यालाही कळत नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील जुन्या नोंदींवरून कोणी पणजोबांचे गाव शोधतो, कोकणात विचारणा करतो. त्याचे उत्तर अनोळखी पत्त्यावरूनच येणार. ते असे पुसले गेले, तर तुटलेला धागा पुन्हा कसा जुळणार?

म्हणून संशयित पत्र वेगळे ठेवावे, नष्ट करू नये, आणि आठवड्यातून एकदा तो कप्पा नजरेखालून घालावा. ओळखीच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर आधी फोन करून खात्री करावी. पाठविणाऱ्याचे नाव खोटे लिहिता येते, आणि चाळणी कितीही बारीक असली तरी शेवटची पारख आपलीच.