मोटारीच्या रंगाचें काम : एक विचारार्ह व्यवसाय

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें मोटारींस रंग देण्याचा व झिलई करण्याचा धंदा पत्करण्याचा मनोदय बोलून दाखविला. हात त्याचा चांगला. आळींतील निम्म्या गाड्या त्यानें हौसेनें चकचकीत करून दिलेल्या. परंतु "पदवीधर मुलानें रंगारी व्हावें काय?" हा आमच्या भावजयीचा प्रश्न आम्हांसहि त्या वेळीं रास्तच वाटला, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. मत देण्यापूर्वीं काम तरी पाहावें, म्हणून आम्ही येथील पाचोऱ्याच्या एका गॅरेजांत चार दिवस जाऊन बसलों.

रंग फवारणें हा त्या कामाचा लहानसा भाग आहे. पोचा काढणें, लांबी भरणें, पॉलिश पेपरनें पुनःपुन्हां घासणें, प्रायमर देणें यांतच बहुतेक वेळ जातो. मग रंग, आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. हा थर सामान्यतः चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहूनहि पातळ असतो. झिलई करावयाची ती एवढ्याशा थरावर! फिरतें यंत्र कडेवर क्षणभर अधिक रेंगाळलें, कीं रंग उघडा पडतो आणि तो भाग नव्यानें रंगवावा लागतो. व्याकरणांत एका मात्रेची चूक आम्हांस खपत नसे. येथें तर मात्रेहून सूक्ष्म हिशेब!

पूर्वीं गाड्यांच्या वार्निशास आठवड्यांमागून आठवडे लागत. 1923 सालीं जनरल मोटर्सनें ओकलंड गाडीस ड्युको हा लवकर सुकणारा रंग दिला, तेव्हां हा खोळंबा टळला. आमच्या खानदेशांत अडचण उलटी आहे. मे महिन्यांत पारा चव्वेचाळिसाच्या वर गेला, कीं थिनर हवेंतच उडतें व पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. म्हणून जाणता कारागीर सावकाश उडणारें थिनर घेतो व पहांटे काम करतो. कापसाच्या हंगामांत हवेंतील तंतू ओल्या रंगावर बसतात, तें निराळेंच.

हौस आणि व्यवसाय यांतील अंतर मात्र आम्हांस गॅरेजांत नव्हे, घरींच दिसलें. एका गाडीस त्यानें केवळ सामानाचे पैसे घेतले होते. आम्हीं त्यास वही दिली व तास, कागद, वीज, बिघडून पुन्हां केलेलें काम, सारें लिहावयास लावलें. दोन दिवसांची मजुरी शून्य निघाली! आतां तो काम घेण्यापूर्वीं थराची जाडी यंत्रानें मोजतो, अंदाजपत्रक लेखी देतो, आणि थर फार पातळ असेल तर झिलईस साफ नकार देतो. आमच्या मतें हा नकार देतां येणें हेंच त्याचें खरें शिक्षण झालें.

त्याचें रीतसर शिक्षणहि उपलब्ध आहे. आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमांत ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा विषय आहे. सर्वच संस्थांत तो नसतो, म्हणून चौकशी करावी. 2024 सालीं फ्रान्समध्यें लिओं येथें झालेल्या वर्ल्डस्किल्स या जागतिक स्पर्धेंत कार पेंटिंग हा स्वतंत्र विषय होता. भांडवलासाठीं 2015 पासूनची मुद्रा कर्जयोजना आहे.

एका गोष्टीवर मात्र आम्ही हटून बसलों. क्लिअर कोटच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. तीं फवाऱ्यांतून श्वासांत गेल्यास कायमचा दमा जडूं शकतो. तोंडास रुमाल बांधून तीं अडत नाहींत. बाहेरची शुद्ध हवा नळीनें पुरविणारा मुखवटा पाहिजे, आणि तो महाग असतो. मुलगा म्हणाला, "काका, तो पुढच्या वर्षीं घेऊं." आम्हीं सांगितलें, मुखवटा येईपर्यंत झिलई कर, फवारणीस हात लावूं नकोस. दोन महिने घरांत अबोला होता.

दिवाळीच्या आधीं मुखवटा आला. पैसे भावजयीनें आपल्या शिलकींतून दिले होते.