सुगीचा पैसा आणि शेतकऱ्याचे मन

सुगीनंतर हात सैल होतो आणि पुढे खताला पैसा उरत नाही. यास उधळेपणा म्हणण्याची चाल आहे. पण ते पुरते खरे नव्हे. तमिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादकांची चाचणी संशोधकांनी तोडणीपूर्वी व तोडणीनंतर घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेच शेतकरी चणचणीच्या दिवसांत बुद्धीच्या कसोट्यांत मागे पडले. उसाचे पैसे हाती आल्यावर सरस ठरले. विवंचनाच विचारशक्ती खाऊन टाकते. अशा वेळी कर्जाच्या अटी नीट पारखल्या जात नाहीत, यात नवल ते काय?

पश्चिम केनियात मक्याची काढणी होताच शेतकऱ्यांच्या घरी जाऊन खताचे पैसे आगाऊ घेण्यात आले. खत पुढे घरपोच, वाहतूक माफ. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एवढ्याने खताचा वापर जितका वाढला, तितका वाढविण्यास ऐन हंगामात निम्मी किंमत माफ करावी लागली.

आपल्याकडे खताच्या सभा बहुधा मृगाच्या तोंडावर भरतात. त्या वेळी कणगी रिकामी आणि खिसाही रिकामा! ग्रामकार्यकर्त्याने ही गोष्ट सोयाबीन-तुरीची पट्टी हाती येते त्याच आठवड्यात काढावी, आणि घरातील स्त्रियांसमक्ष काढावी. शाळेचा व लग्नकार्याचा खर्च बहुधा त्यांनाच नेमका ठाऊक असतो.