घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडं

सिंगापूरला मुलाकडे आले की गुरुवारची संध्याकाळ माझी राहत नाही. शुक्रवारी नातवाचं ‘थिंग-श्ये’ असतं: ऐका आणि लिहा, म्हणजे आपलं श्रुतलेखन. नातू दुसरीत आहे. इथे शाळेत इंग्रजीबरोबर मातृभाषा शिकावीच लागते. भारतीय मुलांसाठी तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहेत, मराठी नाही. “आपली मिळतच नाही, तर चिनी काय वाईट?” म्हणत सुनेने अर्ज करून परवानगी काढली.

वहीतल्या प्रत्येक चौकोनात फुली नव्हे, अधिकचं चिन्ह असतं. शेताचं चिनी अक्षर असंच दिसतं, म्हणून ती ‘शेत-अक्षराची’ वही. नातू आधी बोट हवेत फिरवतो आणि रेघांची नावं पुटपुटतो: आडवी हंग, उभी षू. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. ‘देश’ लिहिताना मात्र गंमत आहे. आधी तीन बाजूंची चौकट, मग आतलं रत्न, आणि खालची रेघ सगळ्यात शेवटी. माणसं आत घ्यायची आणि मग दार लावायचं, असं त्यांच्या लाओशी, म्हणजे बाई, सांगतात. नातू दार आधीच लावून मोकळा होतो. पहिली-दुसरीच्या वर्गांवर माझं आयुष्य गेलं, पण अक्षर बरोबर आणि लिहिण्याचा क्रम चूक, या चुकीला मी कधी एवढं मनावर घेतलं नव्हतं.

शब्द वाचून दाखवायचं काम माझं. पुस्तकात अक्षरांवर रोमन लिपीत उच्चार दिलेले असतात. ही पद्धत चीनने 1958 मध्ये स्वीकारली. माझा मुलगा ती इंग्रजीसारखी वाचतो आणि पोराकडून बोलणी खातो. कारण तिथे ‘बी’ लिहिलं तर म्हणायचं प, ‘डी’ लिहिलं तर त, आणि ‘टी’ला थ. मी सरळ देवनागरीत लिहून घेतलं आणि अर्धं काम सोपं झालं. त्यांनाही दोन च लागतात: ‘सकाळ’ला चाकातला, ‘घर’ला चहातला. नात्यांचंही तसंच. मामा वेगळा, काका वेगळा, त्यातही बापाहून थोरला वेगळा. आत्याला मावशी म्हणून चालत नाही. सगळ्यांना अंकल-आंटी म्हणणाऱ्या पोराला हे चिनीमुळे कळलं, याचा आनंद मानावा की नाही, हे ठरवायचं आहे.

सुरांपुढे मात्र देवनागरी हात टेकते. ‘मा’ उंच आणि सपाट म्हटलं तर आई. “हं?” विचारतो तसं चढवलं तर ताग. खाली बुडवून वर काढलं तर घोडा. दटावल्यासारखं आपटलं तर रागावणं. लिहिताना या चौघांतल्या तिघांत घोडा आहेच. बाईशेजारी घोडा उभा केला की आई. घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडं ठेवली की रागावणं. तोंड एकच आणि घोड्याच्या बाजूला असेल, तर वाक्याच्या शेवटचं ‘का?’. सिंगापुरात सोपी केलेली अक्षरं शिकवतात, म्हणून घोडा तीन रेघांत होतो. जुन्या लिपीत दहा लागायच्या.

वर्गातल्या चिनी मुलांना हे जन्मजात येत असेल, असं मला वाटायचं. तसं नाही. त्यांच्या आज्या होक्कियन, तिओच्यू, कँटनीज बोलत वाढल्या. शाळेतली चिनी म्हणजे मँडरिन, आणि ‘मँडरिन बोला’ ही सरकारी मोहीम 1979 ची. चिनी नवीन वर्षाला मुलांना पैशांचं लाल पाकीट मिळतं. लाओशी त्याला ‘होंगपाओ’ म्हणायला लावतात, पण शेजारच्या आजीबाई मात्र ‘आंगपाव’च म्हणतात, होक्कियनमधलं. गेल्या वर्षी त्यांच्याकडे आम्ही दोन संत्री घेऊन गेलो. नातवाने माझ्या कानात सांगितलं, “आजी, दोन्ही हातांनी दे.” त्यांनीही दुसरी दोन संत्री आम्हाला दोन्ही हातांनी दिली.

या शुक्रवारी वही परत आली. दहापैकी आठ. ‘रागावणं’भोवती लाल गोल: घोड्यावर एकच तोंड होतं. आता ते पाचदा लिहायचंय. मी म्हटलं, “दुसरं तोंड कुठे गेलं रे?”

“तुझ्याकडे,” तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक करायला उठला.