‘नागिन’ची बीन बीन नव्हतीच! घरी बनवलेला जुना ऑर्गन मोबाईलमध्ये कसा उतरतो?

वडनेर (ता. हिंगणघाट) : वरातीत बँडवाल्याने नागीनची धून धरली की रुमाल दातात धरून लोळणारे दोघं-चौघं निघतातच. पण १९५४ च्या ‘नागिन’ सिनेमातली ती बीन गारुड्याची नव्हती. संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजी यांनी (पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले) ती ‘क्लॅव्हिओलिन’ या विजेच्या वाद्यावर वाजवली. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलेलं हे वाद्य जुन्या रेडिओसारखं व्हॉल्व्हवर चालायचं आणि एका वेळी एकच सूर काढायचं.

असं वाद्य विकत घेणं सगळ्यांना कुठून जमणार? पण १९७२ मध्ये ‘५५५’ नावाची आठ पायांची स्वस्त चिप बाजारात आली. मग रेडिओ दुरुस्त करणारे, आयटीआयची पोरं, विज्ञानाचे मास्तर यांनी लाकडी खोक्यात घरगुती ऑर्गन बांधले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असा ऑर्गन तुम्हीही पाहिला असेल.

खोक्यातून सूर कसा निघतो?

पंख्यात असतो तसाच, पण छोटा कंडेन्सर या खोक्यात असतो. त्याला पाण्याची टाकी समजा आणि रेझिस्टन्सला नळ. टाकी दोन तृतीयांश भरली की चिप ती रिकामी करू लागते. एक तृतीयांश उरली की पुन्हा भरते. ही भर-रिकामी सेकंदाला साधारण २६१ वेळा झाली की पेटीच्या पांढरी एकचा सा ऐकू येतो. ३९२ वेळा झाली की त्याचा पंचम. नळ बारीक केला, म्हणजे रेझिस्टन्स वाढवला, की सूर खाली उतरतो. प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स, एवढीच सारी करामत.

मोबाईल-कॉम्प्युटरमध्ये आणायचे दोन रस्ते

पहिला रस्ता रेकॉर्डिंगचा. एकेक सूर रेकॉर्ड करायचा आणि स्क्रीनवरचं बटण दाबलं की तो वाजवायचा. सोपं आहे, पण जेवढं रेकॉर्ड केलं तेवढंच मिळतं.

दुसरा रस्ता गणिताचा. कंडेन्सरमध्ये या क्षणी वीज किती भरली, याचा हिशेब सॉफ्टवेअर सेकंदाला ४४,१०० वेळा करतं आणि तो आकडा स्पीकरला देतं. म्हणजे खोकं नसतं, पण खोक्याचं काम आकड्यांत सुरू असतं.

फरक कुठे पडतो ते पहा. साध्या जोडणीच्या ऑर्गनवर दोन बटणं एकदम दाबली तर दोन सूर निघत नाहीत. दोन नळ एकदम सुटल्यासारखी टाकी लवकर भरते आणि तिसराच, चढा सूर निघतो. एकेका सुराचं रेकॉर्डिंग इथे चुकतं, गणित मात्र बरोबर तोच सूर काढतं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात सूर थोडा हलतो, तेही हिशेबात घालता येतं. लाकडी खोक्यातल्या छोट्या स्पीकरचा नाकातला आवाजही वेगळा धरावा लागतो. हे सगळं जमलं तरच ऐकणारा म्हणतो, ‘हा तोच ऑर्गन!’

घरी जुनं खोकं असेल तर हे करा

- विजेवर चालणारं असेल तर एकदम प्लग लावू नका. जुने कंडेन्सर सुकलेले असतात, शॉकचीही भीती असते. आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.
- आतल्या जोडणीचे दिवसाउजेडी फोटो काढा. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे आणि चिपवरचे आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत.
- पंखा बंद करा, मोबाईल हातभर अंतरावर ठेवा आणि प्रत्येक बटण पाच-सहा सेकंद दाबून रेकॉर्ड करा. मग दोन-दोन बटणं एकत्र दाबून करा.
- फोटो आणि ऑडिओ व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर त्यांचा दर्जा घसरतो.
- पोरांना करून पाहायचं असेल तर कॉम्प्युटरवर ‘प्युअर डेटा’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. रेकॉर्डिंग साफ करायला ‘ऑडॅसिटी’ आहे, तेही फुकट.

सगळ्यात आधी माणसाला गाठा

चिप आजही मिळते, तारही मिळते. पण कोणता रेझिस्टन्स कुठे जोडला, सूर लावताना कुठे बदल केला, हे बऱ्याचदा कागदावर नसतं. ते बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. गावात असे कोणी काका किंवा रिटायर झालेले मास्तर असतील तर वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि जोडणीचं चित्र काढून घ्या. खोकं बंद पडलं असलं तरी चित्रावरून ते पुन्हा वाजवता येईल. चित्रही गेलं आणि खोकंही भंगारात किलोवर गेलं, तर तो आवाज कुठल्याच ॲपमध्ये शोधून मिळणार नाही.