आधी दाखवा, मग बोला

लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवर २१ क्रमांकाच्या इमारतीत एक सभागृह आहे. अर्धवर्तुळात बसवलेल्या, अंगावर येतील अशा चढत्या रांगा, आणि तळाशी वक्त्याचं लांबलचक टेबल. आपल्याकडे व्याख्यानमालेतल्या वक्त्यापुढे तांब्या-भांडं असतं, फार तर पुष्पगुच्छ. इथे टेबलावर नळ्या, ज्योती, तारांची वेटोळी आणि चुन्याची निवळी असते. वक्त्याने नुसतं सांगायचं नाही, समोर करून दाखवायचं, हा रॉयल इन्स्टिट्यूशनचा जुना रिवाज.

संस्था १७९९ सालची. तिच्यामागचा उत्साही माणूस काउंट रम्फर्ड म्हणजे धूर न कोंडणाऱ्या शेकोट्या, कमी सरपणात जळणाऱ्या चुली आणि गरिबांसाठी स्वस्त सूप यांत रमणारा शास्त्रज्ञ. विज्ञान रोजच्या जगण्याच्या उपयोगी कसं पडेल ते व्याख्यानांतून आणि प्रयोगांतून शिकवायचं, हा संस्थेचा मूळ हेतू. पण लवकरच तिथे हम्फ्री डेव्ही बोलू लागला आणि चुली मागे पडल्या. देखणा, बोलका डेव्ही ऐकायला उमरावांच्या बग्ग्यांची इतकी झुंबड उडे की आल्बेमार्ल स्ट्रीट हा लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला, असं सांगतात. गरिबांच्या सुपापासून निघालेली संस्था अशी श्रीमंतांची करमणूक झाली.

या झुंबडीत १८१२ साली एक पुस्तकबांधणीचा उमेदवार येऊन बसला. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली होती. त्याने ऐकलेलं सगळं टिपून काढलं, आकृत्यांसह सुमारे ३०० पानं स्वतःच बांधली आणि डेव्हीला पाठवली. पुढच्या वर्षी तो तिथेच साहाय्यक म्हणून लागला. हा मायकेल फॅरडे. १८२० च्या दशकात शुक्रवारची सायंकालीन व्याख्यानं आणि मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं सुरू झाली, त्यामागे त्याचा मोठा हात होता. वक्तृत्व त्याला उपजत नव्हतं. त्याने त्याची रीतसर शिकवणी लावली, आणि बोलण्याचा वेग वाढला की समोर ‘सावकाश’ लिहिलेलं कार्ड धरायची व्यवस्था करून ठेवली. नाताळची १९ सत्रं त्याने घेतली.

त्यांतलं मेणबत्तीवरचं सत्र सर्वांत गाजलं. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाशी काडी लावायची. तिथेही छोटी ज्योत पेटते. जळते ती मेणाची वाफ, हे मुलांना मग वेगळं सांगावं लागत नाही. पुढे तो मेणबत्तीतून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडी, निवळी दुधाळ होई. मग स्वतःचा श्वास सोडी, पुन्हा तेच. पोरांना आपल्या छातीतही काहीतरी जळतंय हे कळे.

हीच खोड त्याने सभागृहाबाहेरही सोडली नाही. जुलै १८५५ मध्ये टेम्समधून आगबोटीने जाताना त्याने पांढऱ्या कार्डांचे कपटे ओले करून धक्क्याधक्क्याला पाण्यात टाकले. लख्ख ऊन असूनही कपटे इंचभर बुडायच्या आत दिसेनासे होत. हे त्याने ‘टाइम्स’ला पत्राने कळवलं, आणि ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने चिखलाने बरबटलेल्या टेम्सबाबाला आपलं कार्ड देणारा फॅरडे व्यंगचित्रात काढला. पार्लमेंट मात्र हललं ते १८५८ च्या उन्हाळ्यात नदीतल्या सांडपाण्याची दुर्गंधी थेट त्याच्याच खिडक्यांशी आली तेव्हा. मग गटारांची योजना मार्गी लागली. करून दाखवण्याची ताकद मोठी, पण नाकाची त्याहून मोठी.

मेणबत्तीचं कौतुक सगळेच करतात. माझं मत मात्र जॉन टिंडलच्या धुळीला. मूळचा आयरिश मोजणीदार असलेला टिंडल १८५३ पासून इथे प्राध्यापक होता. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडसारखे डोळ्यांना न दिसणारे वायू उष्णता अडवतात, हे त्याने शोधून काढलं. जून १८५९ मध्ये या सभागृहात प्रिन्स आल्बर्टसमोर त्याने वायूंची ही करामत उपकरणांनिशी मांडली. हवामानबदलाच्या आजच्या चर्चेची एक मुळी तिथवर जाते.

धुळीचं व्याख्यान २१ जानेवारी १८७० चं. नाव ‘धूळ आणि रोग’. टिंडलने विजेच्या दिव्याचा झोत हवेतून सोडला. घरात कवडशात दिसते तशी धूळ त्यात तरंगत होती. झोताखाली त्याने स्पिरिटचा दिवा धरला, तर ज्योतीवरून काळ्या धुराचे लोट वर जाताना दिसू लागले. धूर नव्हताच. ती धूळ नसलेली हवा होती; उजेड परतवायला कण नसल्यामुळे झोत तेवढ्यापुरता विझल्यासारखा दिसत होता. नंतर त्याने नळीतून झोतात श्वास सोडला. सुरुवातीला फारसा फरक नाही, पण श्वास संपत आला तसं झोताला काळं गोल भोक पडलं. फुफ्फुसांच्या तळातून आलेली हवा स्वच्छ होती. तिच्यातली धूळ गेली कुठे, याचं उत्तर श्रोत्यांना आपापल्या छातीत शोधायचं होतं. शेवटी त्याने तोंडावर कापसाचा बोळा धरून श्वास घेतला. आता सोडलेला श्वास पहिल्यापासूनच काळा.

या धुळीबरोबर रोगांची बीजंही येत असतील, तेव्हा साथीत कापसाचा मुखवटा वापरा, असं त्याचं म्हणणं. पदार्थविज्ञानवाल्याची ही लुडबुड बऱ्याच डॉक्टरांना रुचली नाही. टिंडल मात्र रोग जंतूंमुळे होतात असं मानणाऱ्या लिस्टर आणि पाश्चर यांच्या बाजूने ठाम उभा राहिला, आणि पुढे त्याच कापसात कोळशाची भर घालून त्याने आग विझवणाऱ्या जवानांसाठी श्वसनयंत्र बनवलं.

२९ जानेवारी १८९७ च्या शुक्रवारी याच टेबलामागे जगदीशचंद्र बोस उभे होते. विषय विद्युतलहरींचा. लहरी मिलिमीटरांत मोजाव्यात इतक्या आखूड, आणि कलकत्त्यात तयार केलेली उपकरणं टेबलावर मावतील एवढी. १९०१ साली ते पुन्हा इथे बोलले.

नाताळची व्याख्यानं दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर कधी चुकली नाहीत. १९६६ पासून बीबीसीने ती मालिका म्हणून दाखवली आणि प्रेक्षक रांगांच्या बाहेर गेले. १९७३ साली डेव्हिड अ‍ॅटनबरो प्राण्यांच्या भाषेवर बोलले, १९७७ साली कार्ल सेगन ग्रहांवर. स्त्री वक्ता यायला मात्र १९९४ साल उजाडावं लागलं. सुझन ग्रीनफिल्ड त्या पहिल्या. २०२० चा विषय पृथ्वी आणि तिचं हवामान, तर २०२१ चा कोविड. म्हणजे टिंडलचे दोन्ही विषय, लागोपाठ.

पैशाची बाजू कायम लंगडी राहिली. नूतनीकरणाचा खर्च अंगाशी आला आणि २०१३ च्या सुरुवातीला ही इमारत विकण्याचा विचार पुढे आला. शास्त्रज्ञांनी ओरड केली. टीव्हीवर सगळं दिसतं तर मेफेअरसारख्या महागड्या वस्तीत सभागृह कशाला, असा प्रश्न विचारता येतो, आणि तो अगदीच अवाजवी नाही. पण काही आठवड्यांत एका निनावी दात्याने ४४ लाख पौंड दिले आणि विक्री टळली.