औष्णिक दुर्बीण, अल्पमूल्य
वस्तूंपासून उत्सर्जित होणाऱ्या अवरक्त प्रारणाचे दृश्य प्रतिमेत रूपांतर करणारे, तुलनेने स्वस्त उपकरण. अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. ३७° से. तापमानाच्या पृष्ठभागाचे प्रारण सु. ९ मायक्रोमीटर तरंगलांबीस महत्तम असते. म्हणून ही दुर्बीण ८ ते १४ मायक्रोमीटर पट्ट्यात कार्य करते. तिला चांदण्याचीही आवश्यकता नसते. या पट्ट्यात साधी काच अपारदर्शक असल्याने वस्तुभिंग बहुधा जर्मेनियमाचे असते. त्यामागील सूक्ष्म बोलोमीटरांचा विद्युत् रोध प्रारणाने तापताच बदलतो. त्यांना शीतनयंत्रणा लागत नाही, म्हणून किंमत कमी होते.

कार्यमान : स्वस्त उपकरणात बहुधा २५६ × १९२ प्रतिमाबिंदू असतात. बिंदूचे माप १२ मायक्रोमीटर व भिंगाचे केंद्रांतर २५ मिमी. असल्यास, १०० मी. अंतरावर एक बिंदू सु. ५ सेंमी. क्षेत्र व्यापतो. जॉन जॉन्सन यांच्या निकषांनुसार (१९५८) अस्तित्व कळण्यास लक्ष्यावर सु. २, प्रकार कळण्यास ८ व निश्चित ओळखीस १३ बिंदू लागतात. खांद्याशी ६० सेंमी. उंच बिबट्यासाठी ही अंतरे अनुक्रमे सु. ६२५, १५५ व ९५ मी. येतात. जाहिरातीत बहुधा यांपैकी पहिल्या प्रकारचे अंतर दिलेले असते. अंकीय विवर्धनाने ठिपका मोठा होतो, तपशील वाढत नाही.

मर्यादा : प्रतिमा तापमानातील फरकावर अवलंबून असते. कुर्डुवाडी (जि. सोलापूर) परिसरासारख्या कोरड्या प्रदेशात उन्हाळ्यात दगड व माती सूर्यास्तानंतरही तापलेली राहतात. जमीन व प्राणी यांचे तापमान सारखे झाले की प्राणी दिसेनासा होतो. पहाटेपर्यंत जमीन निवल्यावर तो पुन्हा स्पष्ट दिसतो. धुके व पाऊस यांमुळे पल्ला घटतो. उसाच्या दाट पानांतून हे प्रारण पार होत नाही, त्यामुळे फडात दडलेला प्राणी दिसत नाही.

उपयोग : यवतमाळ जिल्ह्यातील वाघिणीच्या शोधात २०१८ मध्ये औष्णिक कॅमेरे वापरले गेले. कुर्डुवाडीलगतच्या करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये बिबट्याने तिघांचा बळी घेतला. त्यानंतर रात्रीच्या राखणीचा प्रश्न तीव्र झाला. राखणदाराला सावध करण्यास स्वस्त दुर्बीण पुरेशी ठरते. परंतु ३०० मी.वरील उबदार ठिपका बिबट्या, वासरू की बांधावर निजलेला मजूर, हे तिच्यावरून ठरविता येत नाही. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार संरक्षित असून त्यास मारण्याची परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. त्यामुळे अशा दुर्बिणीचा उपयोग पाहण्यापुरताच मर्यादित ठेवणे इष्ट ठरते.